पावसाआधीचे शहर

बंगळूरुकडे अंदाज आहेत, हेल्पलाइन आहे, स्वयंसेवकही आहेत. हे सारे गल्लीपर्यंत नेणारा आणि नागरिकांना उत्तरदायी असणारा माणूस मात्र पाच वर्षे नव्हता.

बंगळूरुचा पाऊस कुणाला फसवत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी, जूनपासून नैऋत्य मोसमी पाऊस, सप्टेंबरमध्ये त्याचा जोर आणि ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी वाऱ्यांची दुसरी फेरी, हा क्रम पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पाणी कुठे साचणार हेही ठाऊक आहे. एका तलावाचे जादा पाणी राजकालुव्यांतून, म्हणजे जुन्या पाणवाटांतून, पुढच्या तलावात जावे अशी या शहराची मूळ रचना. त्या वाटांवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाच पाणी घरात शिरणार हे ठरले होते.

तरीही दरवर्षी आपण दचकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला आणि तिथल्या रहिवाशांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. २१ मे २०२३ रोजी के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात मोटार बुडून एका तरुण अभियंतीचा जीव गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये येलहंक्याच्या केंद्रीय विहार वसाहतीत बोटी न्याव्या लागल्या, तर मे २०२५ मध्ये होरमावूच्या साई लेआउटमधली घरे तुंबली. यातली एकही घटना आडवेळी घडलेली नाही.

सरकारकडे साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘बंगळूरु मेघसंदेश’ हे अॅप केले आहे. पालिकेचा १५३३ हा तक्रार क्रमांक आहे. २०२४ च्या डेंग्यूच्या साथीत राज्य सरकारने खासगी प्रयोगशाळांतील एलायझा चाचणीचा दर ३०० रुपयांवर बांधला. डासांची पैदास आढळल्यास शहरातील घराला ४०० आणि बांधकामाच्या जागेला २,००० रुपये दंड ठरवला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत सामान्य नागरिकांना बचावकार्याचे प्रशिक्षण मिळते. प्रत्येक ऋतूसाठी काही ना काही सोय आहे.

प्रश्न आहे तो ही सोय कुणाच्या हाती पडते याचा. सरकारने चाचणीचा दर बांधला, हे बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला कोण सांगणार? तो रायचूरचा असेल, ओडिशाचा असेल किंवा आपल्या सोलापूरचा. पावसाचा इशारा फोनवर येतो. पण तो वाचून भुयारी मार्ग बंद करायचा अधिकार कुणाचा, हे त्या चौकात उभ्या असलेल्याला माहीत हवे. डेंग्यूचा डास अंड्यातून आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणजे पाण्याची भांडी दर आठवड्याला रिकामी व्हायला हवीत. हे काम जाहिरातीने होत नाही. दारात येणाऱ्या, ओळखीच्या माणसाच्या आग्रहाने होते. तो आग्रह आशा कार्यकर्ती करते, पण तिच्या पाठीशी वॉर्डाची यंत्रणा असावी लागते.

इथेच शहराची खरी उणीव आहे. बृहत् बंगळूरु महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतरची पाच वर्षे या महानगरात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बंगळूरु प्राधिकरणाखाली पाच महापालिका अस्तित्वात आल्या. कारभार लहान तुकड्यांत विभागला, हे चांगलेच. पण अधिकारी पाच झाले म्हणून कारभार लोकांच्या जवळ येत नाही. राज्यघटनेच्या २४३ एस या अनुच्छेदाने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या आहेत. त्या समित्या नियमित भरल्या, तरच ऋतूची तयारी गल्लीत दिसेल.

महाराष्ट्राने याकडे दुरून पाहू नये. मुंबई आणि पुण्यातही मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. त्याच काळात, २५ जुलै २०२४ रोजी, पुण्याच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. खडकवासल्यातून विसर्ग वाढणार याची सूचना आपल्यापर्यंत वेळेत आली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. धरणावरची नोंद आणि तळमजल्यावरचे कुटुंब यांच्यामध्ये जबाबदार माणूस नसला की असेच होते.

लोक पुढे येत नाहीत, ही अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. बंगळूरुनेच ती खोटी ठरवली आहे. पुट्टेनहळ्ळी तलावासाठी रहिवाशांनी २०१० मध्ये न्यास स्थापला, २०११ मध्ये पालिकेशी करार केला आणि देखभाल अंगावर घेतली. काम नेमून दिले, अधिकार लेखी दिला, तर माणसे वर्षानुवर्षे राबतात. मात्र स्वयंसेवक हा सरकारचा पर्याय नव्हे. राजकालुव्यांवरची अतिक्रमणे हटवणे आणि गाळ काढणे ही पालिकेचीच कामे आहेत आणि ती पहिल्या सरीआधी व्हायला हवीत.

म्हणून मागणी साधी आहे. वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळ्याआधी, पावसाआधी आणि सप्टेंबरच्या जोराआधी, प्रत्येक वॉर्डात खुली सभा व्हावी. पाणी साचणाऱ्या जागा, निवाऱ्याची शाळा, चाचणीचे ठिकाण आणि जबाबदार अधिकाऱ्याचा क्रमांक तिथे जाहीर व्हावा. आधी कन्नडमध्ये आणि मग त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या भाषांतही. शाळांनी हा आराखडा मुलांकडून आपल्याच परिसरात तपासून घ्यावा. स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि विमा मिळावा. या सगळ्याला नवे तंत्रज्ञान लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. वॉर्डासमोर उभे राहून उत्तर देण्याची तयारी लागते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून नागरिकांनी ती तयारी आधी वदवून घ्यावी.