संकल्प आणि उद्यापन

डिसेंबर संपत आला, की घरोघरी आणि कचेऱ्यांतून नव्या दैनंदिन्या येऊ लागतात. त्यांच्या पहिल्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. गतवर्षीच्या दैनंदिनीचे तेच पान उघडून पाहण्याचे धैर्य मात्र थोडेच जण दाखवतात. व्यापारी दिवाळीला जुनी वही मिटण्यापूर्वी येणे-देणे मांडून पाहतो. स्वतःशी केलेल्या कराराचा हिशेब मात्र आपण तसाच अर्धवट टाकून पुढच्या वर्षात शिरतो. सरकारने कोणती आश्वासने दिली आणि त्यांपैकी किती पाळली, हे आम्ही या स्तंभातून वारंवार विचारीत असतो. आज तोच प्रश्न स्वतःला विचारण्याचे आम्ही योजिले आहे.

गेल्या वर्षाच्या पहिल्या पानावर आमचे तीन संकल्प होते. पहिला, रोज पहाटे मांडवीच्या काठाने कांपालपर्यंत फिरून येण्याचा. दुसरा, वर्षभरात ज्ञानेश्वरी वाचून पूर्ण करण्याचा. ग्रंथाच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस वाचल्या, तर 365 दिवसांत तो पुरा होतो, असे गणितही आम्ही मोठ्या समाधानाने मांडून ठेवले होते. तिसरा, वाचकांच्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांच्या आत उत्तर धाडण्याचा.

पहिला संकल्प बहुतांशी तडीस गेला. याचे श्रेय आमचे नव्हे. साडेपाचच्या ठोक्याला फाटकाशी येऊन हाक मारणारे शेजारी आम्हाला लाभले आहेत, आणि त्यांना ताटकळत ठेवण्याची लाज आमच्या आळसाहून बलवत्तर ठरली. जूनमध्ये पावसाने फेऱ्या बंद पाडल्या. परंतु चतुर्थी उलटून उघडीप मिळताच शेजारी पुन्हा फाटकाशी हजर झाले, आणि आम्हालाही चपला पायांत सरकवाव्या लागल्या.

ज्ञानेश्वरी सहाव्या अध्यायापर्यंत सुरळीत चालली. मार्चमध्ये शिगमो आला आणि चार दिवसांचा खंड पडला. हुकलेल्या शंभर ओव्या एकदम वाचू, असे म्हणता म्हणता त्या पाचशे झाल्या, आणि तो आकडा पाहून आम्ही ग्रंथच मिटला. आषाढी एकादशीला घरच्या मंडळींनी चातुर्मासाचे नेम धरले, तेव्हा ओशाळून आम्हीही सोडल्या जागेपासून पुन्हा आरंभ केला. कार्तिकी एकादशीला आम्ही तेराव्या अध्यायात होतो. नेमाची मुदत संपली आणि वाचनही थांबले. ग्रंथ निम्मा झाला, निम्मा राहिला.

तिसऱ्या संकल्पाविषयी लिहिताना लेखणी अडखळते. जून महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले होते. त्यांच्या गावच्या देवळातील दहिकाल्यावर आम्ही कित्येक वर्षांपूर्वी एक लेख छापला होता. त्यांच्याकडचे कात्रण पावसाच्या ओलीने खराब झाले होते, आणि नातवंडांना दाखवण्यासाठी त्याची एक प्रत त्यांना हवी होती. जुने अंक चाळण्यास अर्धा दिवस लागला असता. तो आज काढू, उद्या काढू, असे करता करता पोस्टकार्ड कागदांच्या ढिगाखाली गेले. नोव्हेंबरमध्ये ते हाती लागले, तेव्हा लेख शोधून प्रत धाडली. उलट टपाली त्यांच्या चिरंजीवांचे पत्र आले. वडील भाद्रपदात वारले होते. ‘प्रत मिळाली, आभारी आहोत,’ एवढेच त्यांनी लिहिले होते. तक्रारीचा एक शब्दही नव्हता. असता तर बरे झाले असते.

मोडलेल्या संकल्पांकडे आपण विनोदाने पाहतो. पहिल्या तारखेला सोडलेली तपकीर चौथ्या तारखेला पुन्हा खिशात येते, आणि सारे घर हसते. परंतु प्रत्येक मोडलेला संकल्प केवळ आपल्यापुरता नसतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला पुष्कळदा कोणीतरी वाट पाहत बसलेले असते, आणि त्याला आपल्या संकल्पाची वार्ताही नसते. हे ध्यानात आले, म्हणजे संकल्प मोडतो कशाने आणि टिकतो कशाने, हा प्रश्न थट्टेचा राहत नाही.

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. ज्याला एरवी मासळीवाचून घास उतरत नाही, असा आपला गोमंतकीय हिंदू श्रावणाचा सबंध महिना मासळीकडे न पाहता काढतो, आणि त्यात आपण काही पराक्रम केला असे त्याला वाटतही नाही. तोच मनुष्य एक जानेवारीला केलेला साधासा निश्चय संक्रांतीपर्यंत टिकवू शकत नाही. मनुष्य तोच, मनोबलही तेच. अंतर इतकेच, की श्रावणात स्वयंपाकघर त्याच्या बाजूने असते, शेजार त्याच्या बाजूने असतो, आणि महिना संपणार आहे हे त्याला ठाऊक असते.

आपल्या पूर्वजांनी संकल्प हा विधी मोठ्या व्यवहारी बुद्धीने रचला आहे. हातात पाणी घेऊन यजमान आधी देश आणि काळ यांचा उच्चार करतो. स्वतःचे नाव-गोत्र सांगतो. मग अमुक एक कर्म करीन असे म्हणून ताम्हनात उदक सोडतो. कोण, कोठे, केव्हा आणि काय, हे सारे साक्षीदारांसमक्ष ठरते. व्रताला मुदत असते आणि मुदतीअंती उद्यापन असते. पूजेच्या अखेरीस उणे-अधिक राहिल्याबद्दल क्षमा मागण्याचीही तरतूद आहे. आम्ही नव्या रीतीचे लोक संकल्पाच्या आरंभी पाणी सोडत नाही. महिनाभराने संकल्पावरच सोडतो.

1888 साली विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींनी आईचे समाधान व्हावे म्हणून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली, ती बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष. वर्ज्य गोष्टी तीन आणि निश्चित, साक्षीदार समोर, मुदत परदेशवासाची. ती टिकली. पुढे त्यांनी दूध न घेण्याचे व्रत धरले होते. 1918च्या कठीण दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती, ही पळवाट त्यांना उपलब्ध होती, आणि तिचा त्यांनी उपयोगही केला. परंतु व्रताचे अक्षर राखले, आत्मा दुखावला, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद करून ठेवले. त्यांचा मोठेपणा आम्हाला व्रत पाळण्याइतकाच या नोंदीत दिसतो.

राष्ट्राच्या संकल्पाचेही असेच आहे. 31 डिसेंबर 1929च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी पूर्ण स्वराज्याचा ध्वज फडकला, आणि 26 जानेवारी 1930 रोजी गावोगावी प्रतिज्ञा घेतली गेली. ते वर्ष सरले. स्वराज्य आले नाही. म्हणून कोणी प्रतिज्ञा हसण्यावारी नेली नाही. दर 26 जानेवारीला लोक पुन्हा एकत्र जमले, आणि 1947पर्यंत हा क्रम चालला. आपल्या गोमंतकात 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्या दिवसाचे उद्यापन 19 डिसेंबर 1961ला झाले. मधल्या पंधरा वर्षांतले प्रत्येक वर्ष, वर्षाच्या मापाने पाहिले तर, अपयशाचेच होते.

म्हणून मोडलेल्या संकल्पाबद्दल छाती पिटण्याचे कारण नाही आणि तो विसरून जाण्याचेही नाही. तो नोंदवावा, त्यात कोणाचे काय नुकसान झाले ते लिहावे, आणि लहान करून, मुदत घालून, साक्षीदार नेमून पुन्हा धरावा. फिरण्याला आमचे शेजारी समर्थ आहेत. उरलेल्या निम्म्या ज्ञानेश्वरीला पुढचा चातुर्मास आहे. नव्या वर्षासाठी आम्ही एकच संकल्प सोडीत आहो: दर शनिवारी चार ते पाच हा तास वाचकांच्या पत्रांचा. मुदत गुढीपाडव्यापर्यंत, साक्षीदार आपण सर्व. पाडव्याला त्याचा जमाखर्च याच स्तंभात मांडू, आणि उत्तरावाचून राहिलेल्या पत्रांची संख्याही त्यात देऊ.

ते पोस्टकार्ड आम्ही नव्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर चिकटवले आहे. त्या पानावर दुसरे काही लिहिण्याची आवश्यकता आम्हाला वाटली नाही.