आसनगांवचें स्थानक

शहापुरास येणाऱ्या पाहुण्यास बजावून सांगावें लागतें, "आसनगांवास उतरा." शहापूर हें तालुक्याचें गांव खरें, पण स्थानकाचा मान मिळाला तो शेजारच्या आसनगांवास. मुरबाडकरांस तर गाडीसाठीं आजही कल्याण गांठावें लागतें.

१८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. १८५५ सालीं ती वासिंदपर्यंत आली. तेथून आसनगांव अवघें सहा किलोमीटर. पण तेवढें अंतर तोडावयास १८६० साल उजाडलें! पुढें १८६१ सालीं कसारा आणि १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरी.

याच पहिल्या मार्गावरील भायखळा स्थानकाच्या जुन्या वास्तूवरचे रंगांचे थर काढून तिला मूळ रूप देण्यांत आलें. २०२२ सालीं त्या कामास युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा-पुरस्कार लाभला. तरी तें संग्रहालय झालें नाहीं. गाड्या तेथें पूर्वींप्रमाणेंच थांबतात.

मुंबईच्या स्थानकास असे जाणते कैवारी मिळतात. लहान गांवच्या स्थानकाचा कैवार गांवकऱ्यांनींच घ्यावयास हवा. लांब फलाट, पूल, स्वच्छतागृहें हवींतच. वृद्धांचे व लेंकुरवाळ्या स्त्रियांचे हाल कोणास पाहवतील? परंतु नवें बांधतांना जुन्यांतलें जें टिकाऊ असेल, तें पाडण्यापूर्वीं गांवास विचारावें. निदान १८६० हें साल तरी दर्शनी भिंतीवर कोरावें. आजीचें घंगाळ आपण घांसूनपुसून वापरतों, मोडींत घालीत नाहीं. वाचकहो, ज्या स्थानकावर चार पिढ्यांचीं माणसें उतरलीं, त्याला याहून निराळा न्याय कां लावावा?