दागिने तोंडावर फेकायचे कशाला?

आपल्या बैठकांमध्ये, शिबिरांमध्ये एक गोष्ट फार कौतुकानं सांगितली जाते. नवऱ्याचं घर सोडताना अमकीनं अंगावरचा एकेक दागिना उतरवला, सासूपुढे ठेवला आणि नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. ऐकणाऱ्या टाळ्या वाजवतात. ‘याला म्हणतात स्वाभिमान!’ असं कुणीतरी म्हणतं. त्या बाईचं धाडस मी कमी लेखत नाही. तो उंबरा ओलांडणं म्हणजे काय, ते मलाही ठाऊक आहे. पण त्या टाळ्या मला खुपतात. सहा महिन्यांनी तीच बाई खोलीचं डिपॉझिट भरायला भावापुढे हात पसरते, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या आपण तिथे नसतो.

मी माझे दागिने मोडले. २०१६ साली, घटस्फोटाचा निकाल हातात पडल्यावर दोन महिन्यांनी. पाटल्या, चार बांगड्या, एक हार, त्यानं दिलेली अंगठी आणि मंगळसूत्र. त्या पैशांतून खोलीचं डिपॉझिट भरलं, मुलीची वर्षाची फी भरली आणि उरलेल्यांची माझ्या एकटीच्या नावावर मुदत ठेव केली. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो लाखाच्या वर गेला, तेव्हा नातेवाईक हळहळले, ‘ठेवले असतेस तर!’ ठेवले असते तर मधली वर्षं मी आणि माझी मुलगी कुठे राहिलो असतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सगळ्यांचा आक्षेप हारावर किंवा बांगड्यांवर नव्हता, तो मंगळसूत्रावर होता. आई म्हणाली, ‘अगं, ते तरी ठेव. सौभाग्याचं लेणं असं बाजारात नेऊ नये.’ कसलं सौभाग्य, हे तिलाही माहीत होतं. माझ्या पाठीवरचे वळ तिनंच शेकले होते. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. सराफानं काळे मणी सोडवून कागदाच्या पुडीत बांधून दिले आणि दोन्ही वाट्या एकदमच काट्यावर टाकल्या.

मंगळसूत्र मोडणं हे आपल्याकडे पाप मानतात, असं म्हणावं तर तेही खरं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत आणि त्यांच्यापुढे मान लववत आलो आहोत. नवऱ्याचा धंदा बुडाला, दिराचं शिक्षण अडलं, नणंदेचं लग्न ठरलं, की घरातल्या सुनेचंच सोनं मोडलं जातं आणि तिला ‘घर सावरणारी’ म्हणतात. म्हणजे सोनं मोडायला हरकत नाही. हरकत आहे ती बाईनं ते स्वतःसाठी मोडण्याला.

आता कायद्याचं बोलू. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन आहे. ते माहेरून आलेले असोत, नवऱ्यानं दिलेले असोत की सासरच्यांनी अंगावर घातलेले असोत. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलं, की स्त्रीधनाची मालकी एकट्या बाईची आहे. नवरा किंवा सासरचे ते सांभाळायला घेऊन परत देत नसतील तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या एका बाईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं, की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. लग्नाच्या पहिल्याच रात्री तिचे दागिने ‘जपून ठेवायला’ सासूकडे गेले होते. त्यांच्या बदल्यात नवऱ्यानं २५ लाख रुपये द्यावेत, असा तो निकाल होता. मुस्लिम बहिणींसाठी १९८६ च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. त्यानुसार घटस्फोटितेला मेहेर तर मिळायला हवाच, शिवाय नातेवाईक, मित्र, नवरा आणि त्याच्या माणसांनी तिला दिलेली सगळी मालमत्ता तिचीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीधन अडवून ठेवणं ही आर्थिक हिंसा मानली आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या बाईलाही त्या कायद्याचं संरक्षण आहे. साध्या मैत्रीत, प्रेमात मिळालेल्या वस्तूचंही तेच. मनापासून दिलेली आणि घेतलेली भेट ही घेणाऱ्याची होते; पुढे मन फिरलं म्हणून ती परत मागता येत नाही. केवळ कार्यापुरता घालायला दिलेला घराण्याचा दागिना मात्र आपला होत नाही, तो परत करावा. यात वाद होतात, म्हणूनच लग्नातल्या भेटींची लेखी यादी करण्याचा नियम १९८५ सालीच झाला. अशी यादी केलेलं एक तरी लग्न तुम्ही पाहिलं आहे का? मी नाही पाहिलं.

इतके कायदे पाठीशी असूनही बाई दागिने सोडून देते. केंद्रावर आलेल्या बायकांची कागदपत्रं चाळताना मला एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात लिहिलेलं असतं, ‘अर्जदार पत्नीचा दागिन्यांबाबत कोणताही हक्क राहिलेला नाही.’ लवकर सुटका व्हावी म्हणून ती सही करते. तिथे स्वाभिमानाचा काही संबंध नसतो, ती थकलेली असते. आणि आपण मात्र त्या थकण्याला ‘तिला त्याचं काही नको होतं’ असं सुंदर नाव देतो.

काही नको वाटणं खरंही असतं, ते मी नाकारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईजवळ कानातल्यांचे पाच जोड होते, पाचही मारहाणीनंतर आणलेले. त्यानं मारायचं, दोन दिवसांनी डबी आणून हातात ठेवायची. ते तिला घालवत नव्हते आणि कपाटात आहेत या विचारानं झोप लागत नव्हती. ‘नदीत टाकते,’ म्हणायची. आम्ही दोघीजणी तिच्याबरोबर सराफकट्ट्यावर गेलो. आलेल्या पैशांतून तिनं दात बसवून घेतले, त्याच्या मारानं पडलेले.

सराफाकडे जाण्याआधी काही गोष्टी माहीत असल्या तर बरं. घडणावळीचे आणि कराचे पैसे परत मिळत नाहीत. खडे, मोती, लाख यांचं वजन वजा होतं. बावीस कॅरेटच्या सोन्यात शुद्ध सोनं ९१.६ टक्के असतं, पण जुन्या दागिन्यांच्या सांध्यांत कमी कसाचं सोनं असतं, त्यामुळे टंच कमी येतो. जुन्या पावतीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो आणि आज सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा, हेही लक्षात ठेवा. हॉलमार्क नसला तरी आपला जुना दागिना आपल्याला विकता येतो. दुकानात नवा दागिना विकताना मात्र हॉलमार्क लागतो. टंच आपल्या डोळ्यांसमोर काढायला लावा आणि दोन-तीन दुकानं फिरा. दागिना वितळवायला ‘हो’ म्हणण्याआधी भाव ठरवा, एकदा वितळला की घासाघीस संपली. बहुतेक दुकानांत ‘पैसे हवेत तर इतकी घट, नवीन दागिना घेतलात तर घट नाही’ असं ऐकवतात. पैसे हवे असतील तर या गोडीला भुलू नका. मोठी रक्कम सराफ रोख देत नाही, खात्यात जमा करतो. म्हणून खातं आपल्या एकटीचं हवं. भावाबरोबरचं जोडखातं नको, मग भाऊ कितीही चांगला असो. आणि कोर्टात प्रकरण चालू असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय काही मोडू नका. दागिन्यांचे फोटो, वजन, पावत्या आधी जमवा, नाहीतर उद्या चोरीचा आळ आणायला समोरचे मोकळे.

मला एका दुकानात विचारलं, ‘ताई, घरातलं कुणी जबाबदार माणूस बरोबर आहे का?’ मी म्हटलं, ‘मीच घरातलं जबाबदार माणूस.’ तो ओशाळला, पण ओळखपत्राबरोबर नवऱ्याचं नाव विचारायचं काही राहिला नाही. सरकारची नजर तरी कुठे वेगळी आहे? आयकर खात्यानं धाडीत किती सोनं जप्त करू नये याची सूचना १९९४ साली काढली. विवाहितेला ५०० ग्रॅम, अविवाहितेला २५० ग्रॅम, पुरुषाला १०० ग्रॅम. टाकलेली, सोडून आलेली, घटस्फोट घेतलेली बाई यातल्या कोणत्या ओळीत बसते?

अर्थात ५०० ग्रॅमच्या गोष्टी आपल्यातल्या थोड्याजणींच्या. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून या बायकांचे प्रश्न चळवळीत मांडले जात आहेत. त्यातल्या कितीजणींच्या अंगावर डोरल्याचे चार मणी आणि जोडव्यांपलीकडे काही नसतं. असलंच, तर ते नवऱ्यानं आधीच सावकाराकडे किंवा सोनेतारणाच्या कर्जात टाकलेलं असतं. पण तिथेही मुद्दा तोच आहे. गहाणाची पावती कुणाच्या नावावर आहे, ते विचारा. दागिना तिचा आणि कर्ज त्याचं असेल, तर तेही तक्रारीत लिहून घ्या. अर्धा तोळा म्हणजे तिच्या मजुरीचे कित्येक महिने असतात.

जे दागिने कपाटात राहतात त्यांचं पुढे काय होतं, तेही पाहू या. ‘मुलीच्या लग्नाला होतील.’ माझ्या आईनंही हेच सांगितलं होतं. ज्या देण्याघेण्याविरुद्ध आपण मोर्चे काढले, त्याच देण्याघेण्यासाठी आईच्या मोडलेल्या संसाराचं सोनं राखून ठेवायचं? माझी मुलगी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची फी त्या मुदत ठेवीतून भरली जाते.

कुणी ठेवायचं ठरवलं, तर मी तिच्याशी भांडणार नाही. आजेसासूनं प्रेमानं दिलेली नथ माझ्याजवळ अजून आहे. ती म्हातारी एकटीच माझ्या बाजूनं बोलायची. पण ठेवायचं की मोडायचं, हे ठरवण्याआधी दागिने तिच्या हातात तर यायला हवेत. आमच्या केंद्रावर आता पहिल्याच भेटीच्या अर्जात तीन प्रश्न वाढवले आहेत. दागिने कोणकोणते, आज कुणाच्या ताब्यात, पावती किंवा लग्नाचे फोटो आहेत का? लग्नाचा अल्बम आणायला सांगितला की बायका आधी हसतात, मग बोट ठेवून एकेक दागिना दाखवतात. ती यादी आम्ही लिहून घेतो, तिची सही घेतो आणि एक प्रत तिच्याकडे देतो. तुमच्या गटांनीही हे सुरू करावं. सराफाकडे जायचं असेल तर सोबत कोण जाणार, तेही त्याच दिवशी ठरवून टाकावं.