रिकामा डबा : कोणता शाळेत, कोणता शाळेबाहेर?



लग्नाचा मांडव उतरला की त्याच्या मागे, जत्रा उठली की देवळाच्या पटांगणात, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडकी, करंजी, पांढरकवड्याच्या ढाब्यांपाशी थंड पेयांचे चकचकीत रिकामे डबे पडलेले दिसतात. पूर्वी सोड्याची बाटली दुकानात परत दिल्याशिवाय अनामत सुटत नसे, म्हणून बाटली सहसा उकिरड्यावर जात नसे. डब्याला अनामत नाही. म्हणून तो नाल्यात जातो, धुऱ्यावर जातो. त्यात पावसाचे पाणी साचले की डेंग्यूच्या डासाची पैदास होते. चेपून फाटलेल्या डब्याची धार अनवाणी पोराचा पाय कापते, ती बैलालाही सोडत नाही.

खरे तर तो कचरा नव्हेच. पेयाचा डबा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. हा धातू कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतो. खाणीतल्या मातीपासून नवे ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत जुन्याचे काम होते. म्हणून तर भंगारवाला त्याला लोखंडापेक्षा बराच जास्त भाव देतो. एक डबा भरतो जेमतेम १४ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७० डब्यांचा एक किलो. एकट्या घराला हे जमत नाही, पण शाळेला सहज जमते.

गुरुजींनी आणि बाईंनी पुढाकार घ्यावा. शाळेच्या पडवीत दोन पोती टांगावीत. मुलांच्या हाती एक लोहचुंबक द्यावे. चिकटला तो लोखंडी डबा, न चिकटला तो ॲल्युमिनियमचा. डबे घरीच विसळून आणावेत, नाहीतर मुंग्या आणि माश्या लागतात. ते चेपण्याचे काम मोठ्यांनी पायात जोडे घालून करावे. महिन्याच्या शेवटी वजन करून, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून विक्री करावी आणि किती किलो, किती रुपये, हे फळ्यावर लिहावे. हिशेब उघडा राहिला की गावाचा विश्वास बसतो, आणि मुलांचे गणितही पक्के होते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहिला, ती नीट ऐका. शाळेने "रिकामे डबे आणा" म्हटले की कपाशीच्या मुलखातले पोर पहिल्यांदा कोणता डबा उचलील? धुऱ्यावर पडलेला फवारणीच्या औषधाचा! तो शाळेत येता कामा नये. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखाने गाठावे लागले. ते विष नाकातोंडातून आणि कातडीतूनही अंगात गेले. रिकाम्या दिसणाऱ्या डब्याच्या तळाशी तेच विष चिकटलेले असते.

तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी लेबल ओळखायला शिकवा. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. त्रिकोण दिसला की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचे. लेबल फाटले असेल तरी हाच नियम.

मोठ्यांनी काय करावे? औषध पंपात ओतले की हातमोजे घालून डबा तिथेच तीनदा विसळावा आणि ते पाणी पंपातच घालावे. त्याने औषधही वाया जात नाही. विहिरीवर किंवा नाल्यावर डबा धुऊ नये. नंतर तळाला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पाणी, तेल की बियाणे ठेवणार नाही. मात्र फवारणी संपेपर्यंत लेबल जपून ठेवा. कोणाला भोवळ, उलटी, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते लेबल घेऊनच दवाखान्यात जा. कोणते विष आहे हे कळले की डॉक्टरांना उपचार करणे सोपे जाते.

कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांतच सांगितले आहे, की वापरलेले डबे उघड्यावर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. ते जाळू नका, धूर विषारी असतो. घरच्या भंगारातही मिसळू नका. ग्रामपंचायतीने कुलूपबंद जागा नेमून त्यांची विल्हेवाट सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने लावावी. कृषी केंद्रवाल्यालाही विचारा, "बाबा, तू डबा विकतोस, मग कंपनी तो परत नेते का?" दहा जणांनी विचारले की उत्तर द्यावेच लागते.

अनामतीची जुनी रीत जगाने पुन्हा धरली आहे. स्वीडनमध्ये पेयाच्या ॲल्युमिनियम डब्यावर १९८४ पासून अनामत आहे. तामिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. मग आपल्या गावचा दुकानदार डब्यामागे एक रुपया ठेवून घ्यायला का कचरेल?

१५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन फवारणीच्या दिवसांत येते. त्या सभेत दोनच ठराव मांडा : पेयाचा डबा शाळेच्या पोत्यात, औषधाचा डबा ग्रामपंचायतीच्या कुलपात. हाती खराटा घेऊन गावोगाव झाडणारे गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. झाडताना कोणता कचरा पोराच्या हाती द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही, एवढे मात्र आपण ठरवायचे आहे. कशी काय व्यवस्था केलीत, ते आम्हाला जरूर कळवा.