पारण्याची घाई नको

नवरात्र जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलं तर चालंल का?" विचारणारी बहुधा बाई असते आणि उपास करायचे तिचे आधीच ठरलेले असते. पूर्वी मी सांगत असे, "झेपेल तितके करा, चक्कर आली तर सोडा." आता तसे सांगत नाही. उपासाबद्दलचे माझे मत फारसे बदललेले नाही. उपास सोडण्याबद्दलचे मात्र साफ बदलले, आणि ते माझ्याच एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भडगावजवळच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची, अडतीस किलो वजनाची मावशी. चातुर्मासात एकवेळ जेवणारी. त्या नवरात्रात तिने नऊ दिवस निरंकार धरला, फक्त पाणी. पहिले चार दिवस कापूस वेचायलाही गेली. दसऱ्याला नैवेद्य झाला आणि घरच्यांनी आग्रह करकरून तिला पुरणपोळी, खीर, भात असे पोटभर जेवू घातले. संध्याकाळी तिला गळून गेल्यासारखे झाले, म्हणून मुलगा माझ्याकडे घेऊन आला. रक्तदाब कमी होता. मी आपल्या सगळ्यांच्या आवडीचे काम केले, ग्लुकोजची बाटली लावली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी पायावर सूज, धाप, नाडी अनियमित, आणि मावशी मुलालाच ओळखेना. जळगावला पाठवले. तिथल्या फिजिशियनने रक्तातले फॉस्फेट तपासले, ते तळाला गेले होते. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "ग्लुकोज द्यायच्या आधी थायमिन दिलं होतं का?" मी दिले नव्हते.

नऊ दिवस तिला काही झाले नाही, आणि जेवल्यावर झाले. हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

अन्न बंद झाले की पहिला दिवसभर शरीर यकृतातल्या साखरेवर चालते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो आणि मेंदूलाच दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून शरीर स्नायू मोडून साखर करू लागते. रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने जातात, म्हणजे पाव किलोहून जास्त स्नायू. असेच चालू राहिले असते तर माणूस दोन-तीन आठवड्यांतच संपला असता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये बऱ्यापैकी तयार करू लागते आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर काम चालवायला शिकतो. बोस्टनच्या डॉ. जॉर्ज केहिल यांनी १९६०च्या दशकात हे मोजून दाखवले. पुढे मेंदूची दोन-तृतीयांश गरज कीटोन भागवतात आणि प्रथिनांची नासाडी दिवसाला वीसेक ग्रॅमवर येते. तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येतो तो या कीटोनचाच. भूकही याच सुमारास मरते. उपास करणारा म्हणतो, "आता हलकं वाटतंय." त्यात खोटे काही नाही. पण शरीर स्वच्छ झाल्यामुळे हलके वाटते असे जे हल्ली मोबाईलवर फिरत असते, त्याला आधार नाही. शरीर शुद्ध करायला यकृत आणि मूत्रपिंडे बारा महिने कामावर असतात.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यात मोठा वाटा पाणी आणि मिठाचा असतो. म्हणून उठून उभे राहताना अंधारी येते. गांधीजींच्या मोठ्या उपवासांत पाण्याबरोबर मीठ आणि खाण्याचा सोडा घेण्याची मुभा असे, ती उगीच नव्हे. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. मध्येच प्रकृती इतकी ढासळली की पाण्यात थोडा मोसंबीचा रस घालावा लागला. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर अशी मंडळी उशाशी होती. आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ला सुरू केलेले उपोषण दहाएक दिवस चालले. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये ६३व्या दिवशी गेले. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्नाबरोबर पाणीही सोडले आणि ते काही दिवसांतच गेले. पाणी असणे आणि नसणे यात एवढे अंतर आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकणाऱ्या आपल्या खान्देशात तर ते आणखी कमी होते.

आता पारण्याकडे येतो. उपासात शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आतून रिकामा होत जातो, पण रक्तातले प्रमाण बरेच दिवस ठीकठाक दिसते. तपासणीचा कागद पाहून डॉक्टरही फसतात. मग एकदम गोड आणि पिठूळ अन्न पोटात गेले की इन्सुलिन उसळते आणि उपाशी पेशी साखरेबरोबर ही द्रव्येही रक्तातून ओढून घेतात. उन्हाळ्यात गिरणेला आवर्तन सुटते तेव्हा वरची कोरडी वाळूच कितीतरी पाणी पिऊन टाकते आणि खालच्या गावांना वाट पाहावी लागते, तसे रक्ताचे होते. फॉस्फेट नसेल तर श्वासाचे स्नायू थकतात, पोटॅशियम घसरले तर हृदयाचा ठेका चुकतो. शिवाय साखर वापरायला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. ते संपत आलेले असताना साखर दिली की मेंदूवर आघात होतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात. माझ्या एका बाटलीत २५ ग्रॅम साखर होती, म्हणजे पाच-सहा चमचे. एरवी ही काही मोठी गोष्ट नाही. पण पुरणपोळीच्या पाठोपाठ आणि थायमिनशिवाय ती मी दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांत हे ठळकपणे दिसले. उपासमारीत तगलेली काही माणसे अन्न मिळाल्यावर दगावली. स्कॉटलंडच्या एका अतिस्थूल गृहस्थाने १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्न घेतले नाही, हा दाखला उपासाचे भक्त नेहमी देतात. तो इस्पितळाच्या देखरेखीखाली होता, जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम घेत होता, आणि अंगावर दोनशे किलोंचा साठा होता, हे सांगायचे राहून जाते. त्याच दशकात वजन उतरवण्यासाठी असे उपास करवलेले काही रुग्ण मेले. त्यांतली विशीची एक तरुणी अन्न सुरू केल्यानंतर गेली.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. आयुर्वेदात शोधनानंतर संसर्जन क्रम सांगितला आहे. आधी पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचे यूष, असे तीन ते सात दिवस. आमच्या भागातल्या जैन कुटुंबांत अठाईचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या गोष्टींनी होताना मी पाहिले आहे. बिघडले ते आग्रहाने. तहसील कचेरीपुढच्या उपोषणाचेही तेच. पुढारी रसाचा ग्लास तोंडाला लावतात, फोटो निघतो, आणि ग्लास साखर घातलेला असतो. फोटोपुरता एक घोट घ्यावा आणि बाकीचा ग्लास पुढाऱ्यालाच परत द्यावा.

पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेले नसेल तर पहिले दोन दिवस एरवीच्या निम्म्याहून अधिक खाऊ नये. दहा दिवस झाले असतील किंवा माणूस मुळात काटकुळा असेल तर किलोमागे दहा कॅलरींपासून सुरुवात करावी. आमच्या मावशीला म्हणजे चारशेही नाही, तुपासह दोन पुरणपोळ्यांत त्याहून जास्त भरते. मीठ घातलेली पेज, मुगाचे पाणी, ताक, थोडे दूध, अर्धे केळे, दोन-तीन तासांनी थोडे थोडे. पूर्ण जेवणावर यायला आठवडा लागू द्यावा. थायमिन अन्नाच्या आधी डॉक्टरांकडून घ्यावे. पारण्यानंतरच्या चार-पाच दिवसांत पायावर सूज, धाप, धडधड, मुंग्या किंवा बरळणे दिसले तर "अशक्तपणा आहे, बाटली लावा" म्हणू नका. रक्त तपासता येईल अशा ठिकाणी न्या आणि किती दिवस उपास होता ते आधी सांगा. आणि मधुमेहाची औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, संधिवाताचे रुग्ण, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढती मुले यांनी नुसत्या पाण्यावर राहूच नये, यात मी घासाघीस करत नाही.

मावशी बारा दिवसांनी घरी आली. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आठ दिवस आधी दवाखान्यात येऊन बसली. मी मनाई करणार, हे तिने धरलेच होते. मी म्हटले, "अष्टमीला एक दिवस निरंकार कर, बाकी दिवस दूध-केळी, भगर, दाण्याची आमटी." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "देवीले चालीन, पन सासूले कोन सांगीन?" त्या संध्याकाळी सासूबाईंना सांगायला मीच त्यांच्या घरी गेलो.