धक्क्यावरची परीक्षा पुरेशी नाही

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. महाराष्ट्रात ही बंदी जून आणि जुलै असे दोन महिने चालते. या काळात नौका शाकारून ठेवल्या जातात, जाळी सांधली जातात आणि मागील हंगामात थकलेली एंजिने पुरती खोलून पुन्हा जुळवली जातात. हंगामाच्या तोंडावर अशा एंजिनाची परीक्षा बहुधा एकाच पद्धतीने होते. धक्क्याला बांधलेल्या नौकेत ते अर्धा-पाऊण तास चालवितात. तापमानाचा काटा जागेवर राहिला आणि बाजूच्या नळीतून पाणी पडत राहिले, की नारळ फुटतो; आणि नौका आठ-दहा माणसांना घेऊन खोल समुद्रात जाते.

ही परीक्षा निरुपयोगी नाही, परंतु तिच्यावर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढ्याला ती मुळीच पात्र नाही. एंजिन थंड ठेवणारी व्यवस्था ठीक आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर धक्क्यावर मिळूच शकत नाही.

याचे कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. डिझेल एंजिनात जळणाऱ्या तेलातील उष्णतेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्याचा बराचसा भाग एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. १०० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण शक्तीने चालत असेल, तर पाण्यात शिरणारी उष्णता साठ-सत्तर किलोवॅट भरते. ही उष्णता समुद्राच्या पाण्याला द्यावयाची आणि ते पाणी दहा अंशांहून अधिक तापू द्यावयाचे नाही, असे ठरविले तर मिनिटाला सुमारे १०० लिटर पाणी पंपाने ओढले पाहिजे. आता हेच एंजिन निम्म्या फेऱ्यांनी चालवून पाहावे. मळसूत्री पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून निम्म्या फेऱ्यांना ती एक-अष्टमांश होते. पंपाने ओढलेले पाणी मात्र केवळ निम्म्यावर येते. उष्णता अगदी शक्तीच्या प्रमाणात घटत नाही हे खरे. तरी ती पाण्यापेक्षा कितीतरी अधिक घटते. पंखा सोडवून एंजिन नुसतेच फिरविले, तर त्याला स्वतःचे घर्षण सोसण्यापलीकडे काहीच काम उरत नाही. ज्या कूलरच्या निम्म्या नळ्या चोंदल्या आहेत, तोदेखील अशा परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो.

आणि पुन्हा जुळवलेल्या एंजिनात कूलरच्या नळ्या चोंदण्याचा संभव जुन्या, चालत्या एंजिनापेक्षा अधिक असतो. खोलताना-ठोकताना पाण्याच्या वाटांत वर्षानुवर्षे बसलेला गंज आणि क्षार सुटतो आणि पहिल्या काही तासांत सर्वांत अरुंद जागी जाऊन अडकतो. समुद्राच्या पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर कोरडा फिरला, तर अल्पावधीत फाटतो. तो नवा बसविला तरी जुन्याची तुटलेली पाती पुढच्या नळीत राहून गेलेली असतात. हेड गॅस्केट किंचितही वाकडे बसले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतात, आणि तेही दाब चढल्यावरच. पाणी भरताना आत हवा कोंडून राहिली तर आणखी एक फसवणूक संभवते. काट्याचा संवेदक पाण्याऐवजी त्या हवेत लोंबत राहतो आणि एंजिन पोळत असतानाही काटा निश्चिंतपणे खाली उभा असतो.

थर्मोस्टॅटविषयी येथे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण त्याच्यावर अनेक कारागिरांचा राग असतो. पाणी तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारी ही लहानशी झडप ‘आपल्याकडे थंडी कुठे असते’ असे म्हणून काढून टाकली जाते. हा शहाणपणा महागात पडतो. एक तर थोड्या कामाच्या वेळी एंजिन थंड राहून त्याची झीज वाढते. दुसरे असे, की कित्येक एंजिनांत हीच झडप उघडताना कूलर टाळणारी दुसरी वाट बंद करीत असते. ती काढल्यावर दोन्ही वाटा सताड उघड्या राहतात, तापलेल्या पाण्याचा एक भाग कूलरकडे न जाता तसाच एंजिनात परततो, आणि नेमक्या पूर्ण कामाच्या वेळी एंजिन अधिक तापते. थर्मोस्टॅट खरा की खोटा, हे पातेल्यातील तापत्या पाण्यात तो आणि तापमापक एकत्र सोडून दहा मिनिटांत कळते. शंका असेल तर नवा बसवावा; जागा रिकामी ठेवू नये.

म्हणून खरी परीक्षा समुद्रातच व्हावयास हवी, तीही बंदर दृष्टीच्या टप्प्यात असताना, दिवसाउजेडी आणि दुसरी नौका हाकेच्या अंतरावर ठेवून. नव्या रिंगांना पूर्ण भार देण्यापूर्वी निर्मात्याने सांगितलेले तास भरू द्यावेत. मग निम्म्या फेऱ्या, पाऊण फेऱ्या आणि शेवटी नेहमीच्या कामाचा वेग, अशा पायऱ्यांनी जावे. प्रत्येक पायरीवर दर दहा मिनिटांनी एंजिनातून निघणारे पाणी, कूलरमधून परतणारे पाणी आणि बाहेर टाकलेले समुद्राचे पाणी यांचे तापमान लिहून काढावे. दुरून तापमान मोजणारा अवरक्त तापमापक आता महाग राहिलेला नाही. मात्र चकचकीत पितळेवर तो खरे तापमान कमी दाखवितो, म्हणून मोजण्याच्या जागी काळा रंग द्यावा.

या आकड्यांत पाहावयाचे ते काय? लाल खुणेपासून काटा किती दूर आहे, हे तांडेल पाहतोच. परंतु वेग तोच असताना तापमान एका जागी थांबते की नाही, हे अधिक महत्त्वाचे. ८२ अंशांवर येऊन तासभर तेथेच राहिलेले एंजिन निरोगी समजावे. ७८ वरून दर दहा मिनिटांनी एकेक अंश चढत जाणारे एंजिन खुणेच्या कितीही खाली असले तरी आजारी आहे. काट्याकडे अधूनमधून पाहून हा चढ लक्षात येत नाही. लिहिलेल्या आकड्यांत तो लपत नाही.

आपल्या समुद्राचे पाणी पुष्कळ महिने २८ ते ३० अंशांचे असते, हीही गोष्ट विसरू नये. थंड देशांच्या समुद्रात कूलरला उष्णता सोडण्यास जी मोकळीक मिळते, ती येथे नाही. मालमोटारीचे एंजिन नौकेत बसविले असेल, तर त्याचा मूळचा हिशेब पंखा आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या रेडिएटरचा असतो. नौकेतला कूलर बहुधा कोणीतरी अंदाजाने निवडलेला असतो.

या सर्वांवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हंगामाचे पहिले दिवस सर्वांत मोलाचे असतात. त्यांतील एक दिवस, त्या दिवसाचे डिझेल आणि खलाशांचा रोज परीक्षेसाठी कोणी द्यावा? कर्ज काढून एंजिन बांधून घेतलेल्या नाखव्याला हा प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु हा खर्च त्याच्या एकट्यावर का पडावा? एंजिन जुळविण्याच्या मजुरीतच समुद्रातील परीक्षा धरलेली असावी, कारागीर स्वतः त्या फेरीत नौकेवर असावा, आणि आकड्यांचा कागद हाती आल्यावाचून मजुरीचा शेवटचा हप्ता देऊ नये. मच्छीमार सहकारी संस्थांनी एवढी अट घातली, तर ती पाळली जाण्यास वेळ लागणार नाही.

फेरीनंतर एंजिन एकदम बंद करू नये. पंप थांबताच धातूतील उष्णता स्थिर पाण्यात उतरते आणि तापमान पुन्हा चढते. काही मिनिटे ते मंद फिरू द्यावे. टाकीचे झाकण त्या दिवशी उघडूच नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, एंजिन पूर्ण थंड असताना, ते उघडून पाण्याची पातळी पाहावी, तेलाची सळई काढून तेल दुधाळ झाले आहे काय ते पाहावे, गाळणी धुवावी आणि तिच्यात काय निघाले, तेही त्याच कागदावर लिहावे.