संगणकाचा ताप आणि पाण्याचा उपचार

भायखळ्याच्या एका भगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचे चिरंजीव घरीं बसून चित्रफितींच्या संकलनाचें काम करितात व त्यावरच घराचा बराचसा चरितार्थ चालतो. बिऱ्हाड दोन खोल्यांचें. ज्या खोलींत संगणक त्याच खोलींत सासऱ्यांचा पलंग. काम रंगांत आलें म्हणजे यंत्र तापतें, आंतील पंखे घोंघावूं लागतात, आणि ऐंशी उलटलेल्या त्या गृहस्थांचा रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाहीं. दुकानदारानें 'वॉटर कूलिंग' बसविण्याचा सल्ला दिला. चिरंजीव त्यास अनुकूल आहेत. आजोबांचें म्हणणें असें कीं, विजेच्या यंत्रांत पाणी खेळविणें म्हणजे दारूच्या कोठारांत चूल पेटविणें होय. ह्यांत खरें कोणाचें, असें बाईंनीं विचारलें आहे. असा पेंच आज पुष्कळ घरांत पडत असल्यामुळें त्याचा विचार येथें थोडा सविस्तर करितों.

प्रथम ताप येतो कोठून तें पाहूं. संगणकास आपण जी वीज देतों ती काम झाल्यावर बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. अशा कामाच्या यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून तीन-चारशें वॉट सहज खातात. स्वस्थ बसलेलें माणूस सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर टाकतें. तेव्हां असा संगणक चालूं करणें म्हणजे खोलींत चार पाहुणे आणून बसविण्यासारखेंच आहे. त्यांतून ही उष्णता अगदीं लहानशा जागेंतून निघते. ती त्वरित हलविली नाहीं तर प्रोसेसरचें तपमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढतें, आणि मग तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करितो. म्हणजे झोंपहि जाते आणि कामहि मंदावतें.

पाणी येथें काय करितें ह्याविषयीं एक गैरसमज आढळतो. माठांतील पाणी थंड होतें तें पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतांना उष्णता घेऊन जातें म्हणून. संगणकाच्या बंद नळ्यांतील पाणी असें उडून जात नाहीं. तें केवळ हमाल आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक पोकळ डबी बसते. तींतून लहानसा पंप पाणी फिरवितो. तें तापून नळीवाटे रेडिएटरांत जातें. तेथें पातळ पत्र्यांमधून पंखे वारा काढतात, आणि निवलेलें पाणी परत येतें. अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रहां'त शीत स्पर्श हें जलाचें लक्षण सांगितलें, आणि तापलेल्या पाण्याची उष्णता ही पाण्याची स्वतःची नसून तेजाच्या संयोगानें आलेली, असें नैयायिकांनीं मानिलें. आधुनिक पदार्थविज्ञान हें मत स्वीकारीत नाहीं. तथापि ह्या यंत्रापुरता तो दृष्टांत चांगला जमतो. पाणी दुसऱ्याची उष्णता उचलतें आणि अन्यत्र नेऊन टाकतें. ती नाहींशी करीत नाहीं. म्हणून जलशीतनानें यंत्र निवेल, खोली निवणार नाहीं. आपले चार पाहुणे आहेत तेथेंच राहतील; त्यांच्यासाठीं खिडकी उघडीच ठेविली पाहिजे.

मग हमाल म्हणून पाणीच कां? एक ग्रॅम पाण्याचें तपमान एक अंशानें वाढवावयास सुमारें ४.१८ जूल उष्णता लागते, हवेस सुमारें १ जूल. शिवाय हवा अत्यंत विरळ. ३०० वॉट उष्णता दहा अंशांची वाढ होऊं देऊन वाहून न्यावयाची तर दर मिनिटास सुमारें १,५०० लिटर हवा हलवावी लागते; पाणी अर्ध्या लिटरहूनहि कमी पुरतें.

भायखळ्यास हें तत्त्व नवीन नाहीं. येथील कापडाच्या गिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत तेव्हां वापरलेली वाफ निववून तिचें पुन्हां पाणी करण्यास थंड पाणीच लागे. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं माटुंग्यास गेली, तत्पूर्वीं ती ह्याच भागांत होती. तेथील विद्यार्थ्यांस हा पाठ चांगला अवगत असणार. मोटारीचा रेडिएटर तर सर्वांच्याच पाहण्यांतला आहे. संगणकांत पाहिलें तर अमेरिकेंतील १९८५ सालचा 'क्रे-२' हा महासंगणक वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत बुडवूनच ठेवीत. आपल्या पुण्यास आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभारलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकांतहि द्रव प्रत्यक्ष भागांजवळ नेऊन उष्णता काढण्याची योजना केली आहे. तेव्हां वीज आणि पाणी ह्यांचा शेजार मुळांतच अशक्य आहे असें म्हणतां येत नाहीं.

आतां आवाजाचें पाहूं. कारण बाईंचा खरा प्रश्न तोच आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबेल उतरतो. आणि १० डेसिबेल उतरले तरी कानास तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून दोन-तीन मोठे पंखे सावकाश फिरविणें हें एक लहान पंखा जिवाच्या आकांतानें फिरविण्यापेक्षां केव्हांहि बरें. रेडिएटराचा खरा लाभ हाच. परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, पंप स्वतःहि बारीक गुणगुणतो, आणि तो अखंड चालतो. दुसरी अधिक महत्त्वाची: बाजारांत मिळणारे तयार संच बहुधा प्रोसेसरपुरतेच असतात, ग्राफिक कार्डाचे पंखे जसेच्या तसे राहतात. चित्रफितींच्या कामांत कित्येकदां ओरडणारे पंखे तेच असतात. तेव्हां पेटीची बाजू उघडून कोणता पंखा ओरडतो हें कानानें ठरविल्यावांचून एक पैसाहि खर्च करूं नये.

आजोबांची भीति निराधार नाहीं. अगदीं शुद्ध पाणी विजेचें मंद वाहक असतें. पण धातूच्या व धुळीच्या संसर्गानें तें फार काळ शुद्ध राहत नाहीं, आणि गळती झाली तर महागाचे भाग क्षणांत निकामी होतात. कारखान्यांत भरून बंद केलेल्या संचांत हें क्वचित् घडतें. हातानें नळ्या जोडून केलेल्या रचनेंत काळजी अधिक. तींत नळाचें पाणी कदापि भरूं नये; ऊर्ध्वपातित पाणी व त्यांत गंज आणि शेवाळ रोखणारें द्रव्य घालावें; तांबें व ॲल्युमिनियम एकाच पाण्यांत आणूं नये, कारण त्यानें ॲल्युमिनियम झिजतें. रेडिएटर वरच्या बाजूस बसवावा. पंप सर्वांत उंच राहिला तर हवा त्यांत सांचून तो खडखडतो. आणि उत्साही मुलांस एक निक्षून सांगतों: पाण्यांत बर्फ घालण्याची युक्ति मुंबईंत करूं नये. पावसाळ्यांत ३० अंश उष्णता आणि शेंकडा ८० दमटपणा असतां २६ अंशांखालील कोणत्याहि पृष्ठावर दंव जमतें. मग पाणी नळींतून न गळतांहि बाहेरून यंत्रांत शिरेल.

म्हणून उपाय क्रमानें करावे. यंत्र बंद करून, वीज काढून, पंख्यांवरील व पत्र्यांमधील धूळ झाडावी. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ओढावी. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावावी. यंत्राची वीज खाण्याची मर्यादा थोडी खालीं आणतां येते. त्यानें कामाचा वेग थोडा घटतो, परंतु ताप पुष्कळच उतरतो. एवढ्यानें न भागल्यास लॅमिंग्टन रस्त्यावर मोठ्या पंख्याचा, तांब्याच्या नळ्यांचा हवेचा शीतक पाहावा. तो स्वस्त पडतो व त्यांत गळण्यासारखें कांहीं नसतें. तोहि अपुरा पडला, आणि ओरडणारा भाग प्रोसेसरच ठरला, तरच बंद जलसंच खुशाल घ्यावा. हमी किती वर्षांची आहे आणि गळतीनें झालेलें नुकसान तींत भरून मिळतें कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं लेखी पाहावें; पंप आज ना उद्यां थकणारच, हेंहि हिशेबांत धरावें.

बाईंस आमचें उत्तर असें आहे: आजोबांनीं पाण्यास भ्यावें इतकें तें भयंकर नाहीं, आणि चिरंजीवांनीं विसंबावें इतकें तें सर्वसमर्थ नाहीं. उत्तम संच बसविला तरी यंत्र निःशब्द होणार नाहीं. म्हणून पेटी दुसऱ्या खोलींत ठेवून लांब तारांनीं पडदा जोडतां येतो कां तें पाहावें, आणि तापविणारें जड काम रात्रीं दहाच्या आंत उरकावें. ह्या दोन गोष्टींस खर्च अल्प आहे आणि आजोबांस झोंप आजपासूनच मिळेल. पुढें धूळ झाडून, कान देऊन काय आढळलें तें बाईंनीं अवश्य कळवावें. इतर घरांसहि त्याचा उपयोग होईल.